नऊने भाग जाणारा फरक



कार्यक्रमाच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘स्वेच्छानिवृत्त बँक कर्मचारी’ असं छापलंय. त्यातल्या ‘बँक’बद्दल वाद नाही. ‘स्वेच्छा’बद्दल मात्र थोडं बोलायचंय.

जानेवारी १९७४मध्ये, तेविसाव्या वर्षी मी एका सरकारी बँकेत क्लार्क म्हणून चिकटलो. पितळी टोकनं, मांडीएवढी लेजरं आणि महिनाअखेरचं बॅलन्सिंग. बेरीज जुळेपर्यंत घरी जायचं नाही. फरक आला की आधी त्याला नऊने भागून पाहायचं. भाग गेला तर बहुधा कुणीतरी आकडे उलटे मांडलेत, ५४चे ४५ झालेत. नाहीतर फरकाची निम्मी रक्कम शोधायची. जमेची नोंद नावे पडलेली असायची. रात्री नऊला ती सापडली की जो चहा प्यायचो, तसा पुन्हा प्यायलो नाही.

तेव्हा बचत खात्याचं व्याज दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर मिळे. बारा तारखेला कुणी स्लिप सरकवली की मी म्हणे, “अण्णा, निकड नसेल तर एक तारखेला काढा. आणि भरायचे असतील तर दहाच्या आत.” असले सल्ले कुठल्या सर्क्युलरमध्ये नव्हते.

बँकांच्या यांत्रिकीकरणावरच्या रंगराजन समितीचा पहिला अहवाल १९८४चा. संगणकाविरुद्ध गेटवर घोषणा देणाऱ्यांत मीही होतो, घसा बसेपर्यंत. पुढे यंत्र आलं आणि खरं सांगतो, मला ते आवडलं. फरक येणंच बंद झालं. त्याबरोबर मला हाक मारणंही.

मग २०००च्या अखेरीस ती स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. पंधरा वर्षं नोकरी किंवा वयाची चाळिशी ही पात्रता. भरलेल्या प्रत्येक वर्षामागे साठ दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या महिन्यांचा पगार, यांत कमी असेल ते. माझी वर्षं २७, म्हणजे ५४ महिने. उरलेले १०८. हिची गणितं माझ्यापेक्षा पक्की. म्हणाली, “अहो, नऊ वर्षांची नोकरी साडेचार वर्षांच्या पगारात देऊन टाकताय!”

देशभरात लाखाहून जास्त जणांनी अर्ज केले. कुणाला मुलीचं लग्न होतं, कुणाला बदलीची धास्ती. मी सगळ्यांना सांगितलं, आता निवांत वाचन करणार. पुस्तकं आणलीही. पण अर्ज भरला तो आपल्यावाचून शाखा चालते, हे रोज डोळ्यांनी बघवेना म्हणून. हा अहंकारच, त्याला स्वेच्छा म्हणतात का, ते तुम्ही ठरवा.

राहिलो असतो तर ३१ मार्च २०१० हा शेवटचा दिवस असता. गंमत बघा, दुसऱ्याच दिवसापासून व्याज रोजच्या शिलकीवर धरायला लागले. त्या महिन्यात आमच्या जुन्या शाखेचे एक खातेदार, वय ऐंशीच्या पुढे, नऊ तारखेला रिक्षा करून माझ्या घरी आले. “साहेब, आजच भरतो. उद्या दहा ना?”

मी म्हटलं, “हो, भरून टाका.”