हृदयातील यंत्र आणि मनातील भय



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांस कामगार कायद्यांवर बोलण्यास सांगितले होते. आम्ही विषय बदलून घेतला. कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून 'भिऊ नका' हे दोन शब्द आम्ही आजवर किती वेळा उच्चारले असतील याची गणती नाही. परंतु तीन वर्षांपूर्वी आम्ही स्वतः असे भ्यालो, की घराचा जिना उतरेनासे झालो. त्या भीतीविषयी आज बोलावयाचे आहे. या सभागृहातही कोणी असे असेल, की ज्याच्या खांद्याखाली कातडीच्या आत हे यंत्र बसविलेले आहे, आणि जो मुकाट्याने त्याच्या शॉकची वाट पाहत दिवस काढीत आहे.

येथे भाषेची एक अडचण आहे. 'झटका' म्हटले की लोक हृदयविकाराचा झटका समजतात. म्हणून यंत्राच्या तडाख्याला आम्ही शॉकच म्हणू. यंत्राचे नाव डिफिब्रिलेटर. हृदयाच्या खालच्या कप्प्यांची लय कधी कधी अशी बेफाम होते, की हृदय नुसते थरथरते, रक्त पुढे जात नाही, आणि काही मिनिटांत खेळ आटोपतो. ही लय ताळ्यावर आणण्याचे काम हे यंत्र करते.

ज्याने ते योजिले तो डॉक्टर मिशेल मिरोव्स्की, 1924 साली वॉर्सा शहरी जन्मलेला. तो इस्रायलमध्ये असताना 1966 साली त्याचे गुरुतुल्य वरिष्ठ हॅरी हेलर अशाच विकाराने गेले. अशा रोग्याला जन्मभर रुग्णालयात खिळवून ठेवता येत नाही, तेव्हा यंत्रच लहान करून त्याच्याबरोबर घरी पाठवावे, असे मिरोव्स्कीच्या मनाने घेतले. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे मॉर्टन मॉवर या सहकाऱ्यासह त्याने ते करून दाखविले. 4 फेब्रुवारी 1980 रोजी तेथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पहिल्या रोग्याला ते बसविले गेले. म्हणजे माणसाला घरी जाता यावे, हिंडताफिरता यावे, एवढ्यासाठी हे यंत्र जन्मले. आणि आम्ही ते छातीत घेऊन घरात कोंडून बसलो!

झाले ते असे. फाटकावरच्या सभेत बोलत असता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि छातीत कोणी पहार हाणावी तसे झाले. शॉक क्षणार्धात संपतो; त्याची आठवण मात्र संपत नाही. त्या दिवसापासून ते फाटक नको झाले. घसा बसला, म्हणून आम्ही दुसऱ्या कार्यकर्त्यास पाठवू लागलो. ही थाप होती. पुढे जिना नको, भरभर चालणे नको, रागावणे नको. संघटनेच्या माणसाने रागावू नये, म्हणजे त्याने करावे तरी काय? नातवाला मांडीवर घेणे सोडले. शॉक बसला तर पोरालाही लागेल, ही धास्ती. ते पोर दारात उभे राहून आमच्याकडे पाही, आणि आम्ही वर्तमानपत्र तोंडापुढे धरीत असू.

एका रात्री शॉक बसला म्हणून ओरडत उठलो. रुग्णालयात यंत्राची नोंद वाचली, तर तीत काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, "असे पुष्कळांना होते. झोपेत मनच शॉक देते." आम्हांस फार शरम वाटली. वाटण्याचे कारण नव्हते, हे आता कळते.

मग आम्ही शिकावयास बसलो. शाळा लवकर सुटल्यामुळे विचारून शिकण्याची सवय होतीच. डॉक्टरांना विचारले, यंत्र किती ठोक्यांवर शॉक देते? उत्तर आले, मिनिटाला 200च्या वर. जिना चढून आमची नाडी जाते 130पर्यंत. एवढा हिशेब आधी विचारला असता, तर किती महिने वाचले असते! पुष्कळदा यंत्र प्रथम काही जलद ठोके देऊन, वेदना न होता, लय सावरते, शॉक त्यानंतरचा. यंत्राचीही चूक होते. वरच्या कप्प्यांची गडबड त्याला खालची वाटते, किंवा तार खराब होते, आणि नाहक शॉक बसतो. परंतु यंत्राला थोडे थांबून, अधिक वेगावरच शॉक देण्यास शिकविले तर असे नाहक शॉक घटतात, हे 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दिसून आले. तेव्हा आपले यंत्र कसे लावले आहे, हे विचारण्याचा रोग्याला हक्क आहे. आणि शॉकच्या वेळी दुसऱ्याचा हात लागलेला असला, तर त्याला फार तर मुंग्या येतात. इजा होत नाही. हे ऐकल्यावर त्या संध्याकाळी नातू मांडीवर बसला.

आमचा एक जुना फिटर म्हणाला, "भाऊ, ओव्हरलोड ट्रिप झाला तर आपण रिलेवर रागावतो का? मोटार का तापली ते बघतो." दृष्टांत चांगला, पण पुरा नव्हे. रिले ट्रिप झाल्याने फिटरला पहार बसत नाही. ज्याला ती बसली आहे, त्याला 'तुमचा जीव वाचला की' असे सांगून लोक निघून जातात; त्याने भीती जात नाही. ज्यांची भीती एवढ्यानेही हटत नाही, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. ताप आल्यावर आपण लाजतो काय?

घरात आम्ही एक कागद लावून ठेवला आहे. एक शॉक बसला आणि बरे वाटत असले, तर बसून राहावे व डॉक्टरांना कळवावे. एका दिवसात दोन किंवा अधिक बसले, अथवा एकानंतरही छातीत दुखते, दम लागतो, चक्कर येते असे असले, तर तडक रुग्णालय. आमच्या सौभाग्यवतींना तो पाठ आहे, आणि त्यामुळे त्यांचीही झोप परतली.

त्या फाटकावर आम्ही पुन्हा गेलो. पहिल्या दिवशी नुसते समोरच्या चहाच्या टपरीवर बसून परतलो. दुसऱ्या खेपेस पाळी सुटेपर्यंत थांबलो. चौथ्या खेपेस बोललो, वीस मिनिटे. मध्ये एकदा नाडी चाचपली, हे कबूल करतो. भीती गेली असे आम्ही म्हणत नाही. आजही या व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना ती बरोबर होती.

ज्यांना सर्वांसमक्ष विचारणे अवघड वाटते, त्यांच्यासाठी सभा संपल्यावर आम्ही दाराशी थांबणार आहोत.