लहान मोटारसायकल आणि तिची खरी सुधारणा



ज्या यंत्रावर बसून आपल्या शहरांतील असंख्य लोक रोज सकाळीं घराबाहेर पडतात, व ज्याच्या ओळखीच्या आवाजाची घरचीं माणसें सायंकाळीं वाट पाहतात, त्या शंभर-सव्वाशें सी.सी.च्या लहान मोटारसायकलीविषयीं गंभीरपणें बोलण्याचा प्रसंग क्वचितच येतो. मोठ्या व किमती गाड्यांची चर्चा तरुण मंडळी तासन्‌तास करतात. लहान गाडी मात्र कचेरी, बाजार, शाळा व दवाखाना यांच्या खेपा घालीत मुकाट्यानें झिजत असते. तिच्यांत कांहीं सुधारणा करावी असें मालकाच्या मनांत आलें, तर ती कोणती करावी आणि कोणती करूं नये, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम 'सी.सी.' म्हणजे काय तें पाहूं. इंजिनाच्या सिलिंडरमध्यें दट्ट्या खालींवर फिरत असतो. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातांना जेवढी जागा मोकळी करतो, तिचें घनसेंटिमीटरांतील माप म्हणजे सी.सी. होय. शंभर घनसेंटिमीटर म्हणजे चहाच्या एका लहानशा पेल्याएवढी जागा. एवढ्याशा जागेंत पेट्रोल व हवा यांच्या मिश्रणाचे मिनिटास हजारों स्फोट होऊन सुमारें ८ अश्वशक्ति निर्माण होते, आणि तिच्या बळावर दोन माणसें व भाजीची पिशवी कात्रजचा घाट चढून जातात. ही गोष्ट खचितच कौतुकास पात्र आहे. परंतु ही शक्ति मोजकी आहे, हेंहि विसरतां कामा नये.

या जातीच्या गाड्यांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. जपानच्या होंडा कंपनीनें १९५८ सालीं 'सुपर कब' नांवाची अवघ्या ४९ सी.सी.ची गाडी काढली. तिचा क्लच आपोआप चालणारा होता, त्यामुळें एका हातांत सामान घेतलेल्या फेरीवाल्या पोऱ्यासहि ती चालवितां येई. २०१७ सालापर्यंत या एका मालिकेच्या १० कोटि गाड्या तयार झाल्या. आपल्याकडे पुण्याच्या कायनेटिक कंपनीनें १९७२ सालीं ५० सी.सी.ची 'लूना' बाजारांत आणली, आणि पगारदार व विद्यार्थी यांच्या घरांत यंत्राचें वाहन शिरलें. पुढें १९८५ सालीं हीरो होंडाची 'सी.डी. १००' आली. त्या काळच्या बऱ्याच लहान गाड्या पेट्रोलांत तेल मिसळून चालणाऱ्या, धूर ओकणाऱ्या दोन ठोक्यांच्या होत्या. हिचें इंजिन चार ठोक्यांचें, म्हणून थोड्या पेट्रोलांत दूर जाणारें. या सर्व गाड्यांचें यश वेगामुळें आलेलें नाहीं. कमी खर्च, साधी रचना व भरंवसा, या तीन गुणांनीं त्या घरोघरीं पोंचल्या. म्हणून जी सुधारणा या तीन गुणांस बाध आणते, तिला सुधारणा हें नांव शोभत नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. गाडीकडून आपल्याला तीन गोष्टी हव्या असतात : तिनें धावावें, तिनें दिसावें व दाखवावें, आणि तिनें थांबावें. बाजारांतील बहुतेक हौशी सामान पहिल्या गोष्टीसाठीं विकलें जातें. माझें सांगणें असें कीं, पैसा खर्च करावयाचाच, तर त्याचा क्रम उलटा असावा. आधीं थांबण्याची सोय पाहावी, मग दिसण्याची, आणि धावण्याची सर्वांत शेवटीं.

याचें कारण शाळेंत शिकलेल्या पदार्थविज्ञानांतच आहे. वेग दुप्पट झाला म्हणजे ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्यास लागणारें अंतर दुप्पट न होतां चौपट होतें; कारण चालत्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असते. शिवाय संकट दिसल्यापासून हात ब्रेकवर पडेपर्यंत एखादा सेकंद सहज निघून जातो. तेवढ्या वेळांत ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी सुमारें ८ मीटर, आणि ६० किलोमीटर वेगाची जवळजवळ १७ मीटर पुढें गेलेली असते. तेव्हां इंजिनाचा जोर वाढवून थांबण्याचीं साधनें तींच ठेवणें, म्हणजे जिना उंच करून कठडा काढून टाकण्यासारखें आहे.

थांबण्याचें पहिलें साधन टायर. ब्रेक हे चाकाला धरतात, पण रस्त्याला धरतो तो टायरच. टायरच्या खोबणींत झीज दाखविणारे लहान उंचवटे निर्मात्यानें ठेवलेले असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीस आलें कीं, टायर बाहेरून कितीहि धड दिसो, तो पावसाळ्यापूर्वीं बदलावा. बिनट्यूबचा टायर घेणें ही चांगली सुधारणा आहे, कारण खिळा लागला तरी त्यांतील हवा सहसा एकदम जात नाहीं. मात्र चाकाची धाव त्याच्यासाठीं बनविलेली असली पाहिजे. साध्या तारांच्या चाकांत तारांच्या भोंकांवाटे हवा निसटते. डौलासाठीं मापाबाहेरचा रुंद टायर बसवूं नये. अरुंद धावेवर त्याचा आकार बिघडतो, आणि त्याला फिरवितांना ८ अश्वशक्तीचें इंजिन विनाकारण थकतें.

दुसरें साधन ब्रेक. पुढचा ब्रेक लावला कीं गाडी उलटते, अशी समजूत अनेक घरांतून आढळते व वडील मंडळी ती मुलांस शिकवितात. वस्तुस्थिति निराळी आहे. गाडी थांबूं लागली म्हणजे तिचा भार पुढच्या चाकावर येतो, तें चाक रस्त्यास अधिक घट्ट धरतें, आणि म्हणून थांबविण्याचें मोठें काम तेंच करूं शकतें. दोन्ही ब्रेक एकदम, परंतु झटका न देतां दाबत जाणें, हीच योग्य रीत होय; वाळूवर व वळणावर मात्र वेग आधींच उतरवावा. एकच ब्रेक दाबण्याची ही संवय लक्षांत घेऊनच एप्रिल २०१९ पासून सरकारनें असा नियम केला कीं, १२५ सी.सी. पर्यंतच्या नव्या दुचाकींत, एक ब्रेक दाबतांच दुसराहि लागेल अशी जोडणी किंवा चाक अडकूं न देणारी योजना असलीच पाहिजे. ज्यांची गाडी त्यापूर्वींची आहे, त्यांनीं ब्रेकचे लायनर व तारा वेळच्या वेळीं बदलाव्या. हा खर्च एका सिनेमाच्या तिकिटांचा; परंतु तो करण्याचा उत्साह फार थोड्यांस असतो.

साखळीचीहि गणना मी येथेंच करतों. सैल झालेली साखळी निसटून मागच्या चाकांत अडकली, तर चाक जागच्या जागीं थांबतें आणि स्वार फेंकला जातो. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेंत साखळी किती सैल असावी तें दिलेलें असतें. ती पुस्तिका कपाटांत न ठेवतां वाचावी.

आतां दिसण्याविषयीं. एप्रिल २०१७ पासून तयार झालेल्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असतांना दिवसाहि जळत राहतो. पुष्कळांनीं त्याची थट्टा केली. पण हा दिवा स्वाराला रस्ता दाखविण्यासाठीं नसून, समोरच्या मोटारवाल्यास स्वार दिसावा म्हणून आहे. रात्रीच्या उजेडासाठीं कांहींजण ३५ वॅटच्या जागीं दुप्पट-तिप्पट वॅटचा दिवा बसवितात. लहान गाडीची वीज मोजकी असते. अशा दिव्यानें तारा तापतात, दिव्याचें घर वितळतें, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपून तोच आपल्या अंगावर येण्याचा संभव असतो. दिव्याची काच स्वच्छ ठेवावी, त्याचा झोत खालीं रस्त्यावर पडेल असा बसवून घ्यावा, आणि शोभेसाठीं काढून ठेवलेले दोन्ही आरसे परत लावावे. एवढ्यानें निम्मी अडचण दूर होते.

उरली धावण्याची गोष्ट. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावल्यानें गाडी वेगवान होते ही निव्वळ कल्पना आहे. वाढतो तो आवाज. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या 'भारत स्टेज सहा' नियमांमुळें लहान गाड्यांतूनहि कार्बुरेटर जाऊन पेट्रोल मोजून सोडणारी विजेची योजना आली. तिचा एक संवेदक धुराच्या नळींत असतो, व धूर निवळविणारें साधनहि तेथेंच असतें. तेथें हात घातला म्हणजे सगळें गणित चुकतें. हवेची गाळणी काढून टाकणें याहून वाईट. कारण रस्त्याची धूळ सरळ सिलिंडरमध्यें जाऊन दट्ट्या झिजवूं लागते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें निर्मात्याच्या मूळ रचनेंत मनमानी बदल करण्यास मनाई आहे.

एका वस्तूचा मुद्दाम उल्लेख करतों. मागच्या चाकाशेजारीं जी जाळी असते, तिला आपण 'साडी गार्ड' म्हणतों. मागें बसणाऱ्याचे कपडे चाकांत अडकूं नयेत म्हणून चाकाचा निदान निम्मा भाग झांकणारें साधन व धरण्यासाठीं मूठ असावी, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांचा दंडक आहे. तरी गाडी 'सुटसुटीत' दिसावी म्हणून तरुण मुलगा ती जाळी पहिल्याच आठवड्यांत काढून टाकतो, आणि त्याच गाडीवर दुसऱ्या दिवशीं आईला मागें बसवून देवळांत नेतो! पदर किंवा ओढणी चाकांत गुंतली म्हणजे काय होतें, याचें वर्णन येथें करवत नाहीं. ज्या घरांत अशी गाडी असेल, तेथील गृहिणीनें आजच ती जाळी माळ्यावरून काढवून जागच्या जागीं बसवून घ्यावी.

आणि शेवटची सुधारणा गाडीला नव्हे, स्वाराला करावयाची आहे. २०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं; त्यांपैकीं शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचीं होतीं. त्या वर्षीं शिरस्त्राण न घातलेलीं अशीं ५० हजारांवर माणसें दगावलीं, आणि त्यांत मागें बसलेलीं १४ हजारांहून अधिक होतीं. चालविणाऱ्याच्या डोक्यावर शिरस्त्राण, आणि मागें बसलेली पत्नी बोडक्या डोक्यानें, हें दृश्य आपण रोज पाहतों. कायदा चार वर्षांवरील प्रत्येकास शिरस्त्राण सांगतो. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या बालकासाठीं २०२२ सालीं नियम होऊन तो पुढच्या वर्षीं अंमलांत आला. त्यानुसार बालकास चालकाशीं बांधणारा पट्टा व शिरस्त्राण हवें, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आंत हवा.

तेव्हां येत्या दिवाळीस घरांतला मुलगा गाडीसाठीं चार पैसे मागूं लागला, तर वडिलांनीं त्याच्यावर रागावूं नये. त्याला जवळ बसवून यादी करावी : दोन टायर, ब्रेकचे लायनर, साखळी, दोन आरसे, जाळी, आणि घरांत जितकीं माणसें गाडीवर बसतात तितकीं शिरस्त्राणें. या यादींतून पैसे उरले, तर खुशाल त्याच्या आवडीचा रंग द्यावा. गाडी त्यानें अधिक वेगानें धावणार नाहीं. परंतु तिची वाट पाहणाऱ्या माणसांकडे ती रोज सुखरूप परत येईल, आणि लहान गाडी घेतांना आपण तिच्याकडून एवढेंच मागितलें होतें.