वाट देण्याचा धर्म



आपल्याकडे खेड्यातल्या पाऊलवाटेवर डोक्यावर मोळी घेतलेला मनुष्य समोरून आला, म्हणजे रिकाम्या हाताचा मनुष्य आपण होऊन बांधावर चढतो. ज्याच्या माथी भार अधिक, त्याचा वाटेवर हक्क आधी. शहरातल्या रस्त्यावर असाच भार घेऊन धावणारी दोन वाहने आहेत : रुग्णवाहिका आणि आगीचा बंब.

त्यांची घाई ही हौस नव्हे. हृदय बंद पडले, तर चार-सहा मिनिटांतच प्राणवायूवाचून मेंदूला कायमची इजा होऊ लागते. आगीचेही तसेच. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला आणि आगीशी झुंजताना अग्निशामक दलाचे ६६ जण कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. सारे जिथून पळतात, तिकडे जे धावतात, त्यांना आपण निदान रस्ता तरी द्यावा!

मग तो द्यावा कसा? भोंगा कानी पडताच गोंधळून जागीच थबकू नये. आरशात पाहावे, रुग्णवाहिकेच्या कपाळावरची उलटी अक्षरे आरशात सुलट दिसावीत म्हणूनच तशी लिहिलेली असतात. मग बाजूचा दिवा दाखवून सावकाश डावीकडे सरावे. तांबड्या दिव्यापाशी अडकला असाल, तर घाबरून चौकात गाडी घालू नये. आडव्या रस्त्याने दुसरे वाहन येत असते. बंब पुढे गेला, की मागून दुसरा तर येत नाही ना, हे पाहावे. आणि मोकळा झालेला रस्ता आयताच मिळाला म्हणून रुग्णवाहिकेच्या मागे गाडी दामटणे, हे तर दुसऱ्याच्या संकटावर आपली सोय साधणे होय.

कायद्यानेही हे सांगितले आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा वाहनाला वाट न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. परंतु दंडाच्या धाकाने दिलेली वाट उशिराच मिळते. पुण्यात गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीत रुग्णवाहिका आली, की लक्ष्मी रस्त्यावरची ती दाट गर्दी दुभंगते, ती काही दंडाच्या भयाने नव्हे.

एकदा वडिलांना घेऊन मी अशा गाडीत बसलो होतो. बाहेर कर्कश वाटणारा तो भोंगा आत बसलेल्याला फार क्षीण वाटतो. पुढे एका रिक्षावाल्याने आपली रिक्षा पार गटाराच्या काठापर्यंत नेली आणि आमची गाडी निघाली. त्याचा चेहराही मला दिसला नाही. त्याचे आभार मानायचे राहून गेले. ते ऋण आता दर भोंग्यागणिक बाजूला सरून मी फेडीत असतो.