मिळालेली जागा घ्यावी की थांबावे?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



बक्षिसे वाटून झाली आहेत आणि जेवणाची वेळ होत आली आहे. तेव्हा मी लांबण लावणार नाही. संस्थेने मला कायद्याच्या शिक्षणावर बोलावयास सांगितले आहे. त्याचा इतिहास सांगण्यापेक्षा दर पावसाळ्यात माझ्याकडे जो प्रश्न येतो, तोच आपल्यापुढे ठेवतो.

मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात मलकापूरकडचे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. मुलीने बारावीनंतर राज्याची विधी प्रवेश परीक्षा दिली होती आणि शेजारच्या जिल्ह्यात पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला तिला जागा मिळाली होती. वडील म्हणाले, "वकीलसाहेब, पुण्याचे मोठे कॉलेज मिळाले नाही. एक वर्ष थांबावे म्हणतो." मी मुलीकडे पाहिले. ती खाली मान घालून म्हणाली, "चाचा, अब्बा माझ्या भल्याचंच बोलतात. पण वर्षभर घरी बसले, तर पुढच्या वर्षी कॉलेजचा नाही, लग्नाचा विषय निघेल." वडील गप्प झाले. मीही क्षणभर गप्प झालो.

मित्रहो, थांबणे वाईट असे मी म्हणत नाही. मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक, बद्रुद्दीन तय्यबजी, विलायतेत कायदा शिकत असता डोळ्यांच्या विकारामुळे त्यांना 1864 साली परत यावे लागले. ते पुन्हा गेले आणि 1867 साली बॅरिस्टर झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1916 साली लंडनच्या ग्रेज इनमध्ये नाव घातले. परंतु बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 साली त्यांना परतावे लागले. येताना अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी मात्र त्यांनी घेऊन ठेविली. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसा जमविला, 1920 साली पुन्हा लंडन गाठले आणि 1922 साली बॅरिस्टर झाले. या दोघांवर खंड परिस्थितीने आणला होता. आणि परतीची वाट दोघांनीही बंद होऊ दिली नाही.

याउलट माझेच उदाहरण घ्या. मीही तरुणपणी "पुढच्या वर्षी बघू" म्हणून थांबलो. थांबून करावयाचे काय, हे ठरविले नव्हते. वडिलांच्या दुकानावर बसलो. एका वर्षाची तीन वर्षे कधी झाली, कळलेही नाही. त्याचा दोष मी कोणालाच देत नाही, तो माझाच होता.

आता हिशेब मांडू. प्रवेश परीक्षेचे गुण त्याच वर्षापुरते चालतात. थांबलात तर परीक्षा पुन्हा द्यावी लागते, आणि गुण वाढतीलच असा भरवसा नाही. एक वर्ष थांबून पाच वर्षांचा अभ्यासक्रम केला, तर वर्षे सहा. जवळच्या महाविद्यालयात तीन वर्षांची पदवी घेऊन मग तीन वर्षांचे एल्‌एल्. बी. केले, तरी वर्षे सहाच. फरक एवढाच की, दुसऱ्या वाटेने जाणाऱ्याच्या हाती तिसऱ्या वर्षी एक पदवी असते. म्हणून मिळालेली जागा खरोखरच नको असेल, तर रिकामे बसण्यापेक्षा ही वाट बरी.

पुढील फेरीसाठी थांबणे आणि पुढील वर्षासाठी थांबणे, यांतही भेद आहे. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत एकाहून अधिक फेऱ्या असतात. चांगल्या महाविद्यालयाची आशा ठेवताना हातची जागा राहते की जाते, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते. शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. पुस्तिका स्वतः वाचा.

मोठ्या महाविद्यालयाच्या नावाला किंमत नाही, असेही नाही. मुंबई, नागपूर व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. मोठ्या कंपन्यांत किंवा नामांकित विधी संस्थांत काम करावयाचे असेल, तर तेथील नावाचा उपयोग होतो. त्यांची प्रवेश परीक्षा वेगळी, खर्चही अधिक. तेवढी तयारी असलेल्या मुलाने ठरवून एक वर्ष दिले, तर ते वाया गेले असे मी म्हणणार नाही. परंतु खामगावच्या, मेहकरच्या किंवा बुलढाण्याच्या कोर्टात उभे राहावयाचे असेल, तर सनद सर्वांना एकच मिळते आणि बार कौन्सिलची परीक्षाही सर्वांना एकच असते. न्यायाधीश व्हावयाचे म्हटले, तर सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 रोजी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली आहे. म्हणजे वाया गेलेले प्रत्येक वर्ष पुढे तिथेही मोजले जाणार.

पैशाचा विचार तर करावाच लागतो. 2024-25 पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास या वर्गांतील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात राज्य शासनाने पूर्ण सवलत दिली आहे. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. आपल्या समाजातील अनेक जाती इतर मागासवर्गात येतात. पण जातीचा दाखला व नॉन-क्रिमीलेअर वेळेवर नसल्यामुळे हातची सवलत जाते. हे कागद निकालानंतर नव्हे, अकरावीतच काढून ठेवा. पुढे सनदेच्या वेळीही घाबरण्याचे कारण नाही. नोंदणीसाठी सर्वसाधारण वर्गाकडून 750 रुपयांपेक्षा अधिक शुल्क घेता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली दिला आहे.

उर्दू माध्यमातून शिकलेल्या मुलामुलींना एक विनंती. आपल्या तालुका कोर्टांचे बरेचसे काम मराठीत चालते. सातबारा, फेरफार, खरेदीखत सारे मराठीत. प्रवेश घ्या वा थांबा, रोज तासभर मराठी वाचा व लिहा. या अभ्यासासाठी कोणत्याही यादीत नाव लागावे लागत नाही.

शेवटी पालकांना सांगतो. थांबावयाचे ठरलेच, तर एका कागदावर तीन ओळी लिहा: कशासाठी थांबतो, या वर्षात रोज काय करणार, आणि कोणत्या तारखेनंतर थांबणार नाही. खाली पालकाने आणि मुलाने, दोघांनी सही करावी. या तीन ओळी लिहिता आल्या नाहीत, तर मिळालेली जागा घ्यावी. मुलीच्या बाबतीत तर हा कागद दोनदा वाचावा. मुलाचे एक वर्ष गेले तर बहुधा वर्षच जाते. मुलीचे एक वर्ष गेले की पुष्कळदा शिक्षणच जाते.

त्या मलकापूरकडच्या वडिलांनी माझ्यासमोरच कागद घेतला. पहिल्या ओळीवरच त्यांचा हात थांबला. मग त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि मुलीला विचारले, "बेटी, फी भरायची शेवटची तारीख कोणती?" आज ती मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. सुटीत माझ्याकडे येते, आणि पक्षकारांचे अर्ज मला मराठीत वाचून दाखविते.