पुरःस्थ ग्रंथीची वाढ आणि उपचारांची निवड

वार्धक्याबरोबर जीं दुखणीं घरांत येतात, त्यांतील कांहींची चर्चा चारचौघांत होते; कांहींची मात्र घरच्या माणसांतहि होत नाहीं. गुडघेदुखीचें गाऱ्हाणें वृद्ध मनुष्य येणाऱ्याजाणाऱ्यास सांगतो. पण रात्रीं तीन-चार वेळां लघवीस उठावें लागतें, उठूनहि धार लवकर सुटत नाहीं, आणि परत अंथरुणावर पडतांना मूत्राशय रिकामा झाल्याचें समाधान वाटत नाहीं, ही गोष्ट तो पत्नीपासूनहि लपवितो. या संकोचामुळें शांतपणें विचार करण्याचा काळ निघून जातो, आणि एखाद्या रात्रीं लघवी अजिबात तुंबली म्हणजे त्याच्याविषयींचा निर्णय दुसऱ्यांना व घाईनें घ्यावा लागतो.

पुरःस्थ ग्रंथि, जिला बहुतेक लोक प्रोस्टेट या इंग्रजी नांवानेंच ओळखतात, ती मूत्राशयाच्या तोंडाशीं असते व मूत्रनलिका तिच्यामधून जाते. तरुणपणीं तिचा आकार अक्रोडाएवढा असतो. साठीच्या सुमारास निम्म्या पुरुषांत तिची वाढ आढळते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. मात्र दोन्हीं विकार एकाच वेळीं असूं शकतात, म्हणून तपासणी आवश्यक असते. ग्रंथीचें माप आणि त्रासाचें माप यांचा मेळ बसतोच असें नाहीं. एखाद्याची ग्रंथि बरीच मोठी असूनहि तो रात्रभर स्वस्थ झोंपतो, तर दुसऱ्याला थोड्याशा वाढीनेंहि जीव नकोसा होतो.

कांहीं प्रसंगीं निवडीस फारसा वाव उरत नाहीं. लघवी वारंवार तुंबणें, मूत्रपिंडांस इजा पोंचणें, मूत्राशयांत खडे होणें, पुनःपुन्हां जंतुदोष होणें किंवा औषध देऊनहि लघवीवाटे रक्त जात राहणें, यांपैकीं एखादी गोष्ट घडल्यास शस्त्रक्रिया लांबणीवर टाकणें बहुधा हिताचें नसतें. इतर रोग्यांपुढें मात्र अनेक वाटा असतात. प्रत्येक वाटेला तिचें मोल द्यावें लागतें, आणि तें कोणाला परवडेल हें सोनोग्राफीचा कागद सांगूं शकत नाहीं.

पहिली वाट म्हणजे केवळ लक्ष ठेवणें. पुष्कळजण तिला आळस समजतात. तें बरोबर नाहीं. १९९५ सालीं अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील एक पाहणी प्रसिद्ध झाली. मध्यम त्रास असलेल्या ५५६ पुरुषांपैकीं निम्म्यांवर शस्त्रक्रिया करण्याचें व निम्म्यांवर देखरेख ठेवण्याचें ठरलें. शस्त्रक्रियेनें अधिक आराम पडला हें खरें. परंतु देखरेखीखालील लोकांपैकीं तीन वर्षांत सुमारें चौथ्या हिश्श्यानेंच शस्त्रक्रिया करवून घेतली. शिवाय, आरंभीं ज्यांना आपला त्रास विशेष जाचत होता, त्यांनाच शस्त्रक्रियेचा लाभ अधिक झाला. सायंकाळनंतर चहा-पाणी बेतानें घेणें आणि लघवी तुंबविणारीं सर्दीवरील कांहीं औषधें टाळणें, एवढ्यानेंहि सौम्य त्रास आटोक्यांत राहूं शकतो.

दुसरी वाट औषधांची. टॅमसुलोसिनसारखीं औषधें ग्रंथीच्या व मूत्राशयाच्या तोंडाच्या स्नायूंस सैल करतात. त्यांचा गुण कांहीं दिवसांतच दिसतो. त्यांनीं उभें राहतांना घेरी येऊं शकते, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वीं नेत्रवैद्यास त्यांची कल्पना देणें अवश्य असतें. फिनास्टेराइड ग्रंथीचा आकारच हळूहळू कमी करतें; पण त्यास सुमारें सहा महिने लागतात, कांहींची कामेच्छा मंदावते, आणि रक्तांतील पीएसएचा आंकडा निम्म्यावर येत असल्यानें कर्करोगाची तपासणी करणाऱ्यानें तें ध्यानीं घ्यावें लागतें.

तिसरी वाट शस्त्रक्रियेची. हिंदुस्थानांतील वैद्यकीय सेवेंत सुमारें वीस वर्षें घालवून लंडनला परतलेले आयरिश शल्यवैद्य पीटर फ्रेयर यांनीं मूत्राशय उघडून ग्रंथीचा वाढलेला भाग बोटानें सोडविण्याची पद्धत १९०१ सालीं प्रसिद्धीस आणली. १९४५ सालीं टेरेन्स मिलिन यांनीं मूत्राशय न उघडतां ग्रंथीपर्यंत पोंचण्याची रीत मांडली. पुढें मूत्रमार्गांतूनच उपकरण घालून विजेच्या तारेनें ग्रंथीचा आंतील भाग खरवडून काढण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. लोक तिला दुर्बिणीचें ऑपरेशन म्हणतात. तिनें धार चांगली सुटते व गुण पुष्कळ वर्षें टिकतो. परंतु तिच्यानंतर बहुसंख्य पुरुषांचें वीर्य बाहेर न पडतां मूत्राशयांत जातें. समागमाची शक्ति बहुधा कायम राहते, तरी हा बदल आधीं न सांगितल्यास रोग्याच्या मनास मोठा धक्का बसतो. लघवीवरील ताबा कायमचा सुटणें विरळाच. होल्मियम लेसरनें ग्रंथि सोडवून काढण्याच्या पद्धतींत रक्तस्राव कमी होतो व फार मोठी ग्रंथिहि काढतां येते. मात्र वीर्याविषयींचें मोल येथेंहि तेंच, आणि हात बसलेला शल्यवैद्य मिळणें अगत्याचें.

चौथी वाट अलीकडची. यूरोलिफ्ट या उपायांत बारीक टांके घालून ग्रंथीचे भाग बाजूस ओढून धरतात. रेझूम या उपायांत वाफेनें वाढलेला भाग नष्ट करतात. वीर्यस्खलन बहुधा अबाधित राहतें, हा यांचा मोठा गुण. पण धार मोठ्या शस्त्रक्रियेइतकी सुधारत नाहीं. यूरोलिफ्ट केलेल्यांपैकीं सुमारें सातांतील एकास पांच वर्षांत पुन्हां उपाय करावा लागल्याचें त्याच्या मुख्य पाहणींत दिसलें; आणि वाफेच्या उपायानंतर कांहीं दिवस लघवीची नळी बाळगावी लागते.

मग निवड कोणीं करावी? अमेरिकेंतील मेन राज्यांत जॉन वेनबर्ग व त्यांचे सहकारी यांना असें आढळलें कीं, शेजारशेजारच्या गांवांत या शस्त्रक्रियेचें प्रमाण फारच भिन्न होतें. रोग बहुधा सगळीकडे सारखा. भिन्न होतें तें स्थानिक वैद्यांचें मत. अर्थात् रोगी मौन राहिला म्हणजे त्याच्या शरीराचा निर्णय त्याच्या पत्त्यावर अवलंबून राहतो.

यासाठीं वैद्याकडे जाण्यापूर्वीं वृद्ध गृहस्थानें स्वतःशीं तीन गोष्टी ठरवाव्या : त्रासानें झोंप, प्रवास व कामधाम किती बिघडलें आहे; वीर्यस्खलनाचा बदल आपणांस व पत्नीस चालेल कीं नाहीं; आणि पुढें पुन्हां उपचार करावा लागला तर तयारी आहे काय. या प्रश्नांचीं उत्तरें दुसऱ्या कोणापाशींहि नसतात. तीं घेऊन जो वैद्यापुढें बसतो, त्याला योग्य उपाय सुचविणें वैद्यालाहि सोपें जातें.