पीएच.डी.चे गाईड कोण होऊ शकतात?

पीएच.डी.ला प्रवेश घेताना पहिला प्रश्न असतो, गाईड कोण? विद्यापीठातले सगळेच प्राध्यापक गाईड होऊ शकत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर 2022 मध्ये याविषयी नवे नियम लागू केले.

गाईड कायमस्वरूपी नोकरीत हवेत आणि स्वतः पीएच.डी. हवेत. प्राध्यापक आणि सहयोगी प्राध्यापकांचे किमान पाच, तर सहायक प्राध्यापकांचे किमान तीन शोधनिबंध तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या नियतकालिकांत छापून आलेले असावेत. एका वेळी प्राध्यापकांना आठ, सहयोगी प्राध्यापकांना सहा आणि सहायक प्राध्यापकांना चार विद्यार्थी घेता येतात. ही मर्यादा मला फार मोलाची वाटते. प्रबंधाचं एकेक प्रकरण वाचायचं, दुरुस्त्या सुचवायच्या, पुन्हा वाचायचं, याला वेळ लागतोच. गाईड विद्यार्थ्याच्या संशोधन सल्लागार समितीचे निमंत्रक असतात आणि प्रबंधाच्या मूल्यमापनातही त्यांचा वाटा असतो.

आता विद्यार्थ्यांनी नीट लक्षात ठेवावी अशी गोष्ट. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल, तर त्या प्राध्यापकांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. आधीच्या विद्यार्थ्यांना ते निवृत्तीपर्यंत गाईड म्हणून आणि त्यानंतर वयाच्या सत्तरीपर्यंत सहमार्गदर्शक म्हणून साथ देऊ शकतात. तेव्हा अर्ज भरण्याआधी सरांची किंवा मॅडमची निवृत्तीची तारीख अवश्य विचारा. असं विचारण्यात संकोच नको. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने दुसऱ्या गावी जावं लागलं, तर महिला संशोधकांना आपलं काम तिथल्या विद्यापीठात नेण्याची सोयही याच नियमांत आहे.