उन्हाळ्याची सुटी आणि मुलाचे मन
(नागपूर जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



उन्हाचा ताप पाहून आपल्या विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरच्या सुमारास उघडण्याची प्रथा आहे. त्यामुळे जवळजवळ दोन महिने मूल आपल्या नजरेआड असते. या अवधीत ते पाढे विसरेल, ही चिंता आपण करतोच. परंतु पाढे जुलैत पुन्हा पाठ करून घेता येतात; धास्तावलेले किंवा दुखावलेले मन पुन्हा मोकळे करणे तितके सोपे नसते. म्हणून आज मुलाच्या अभ्यासाविषयी न बोलता त्याच्या मनाविषयी बोलण्याचे मी योजिले आहे.

सुटी म्हणजे घरी सर्वांना सवड, असा समज आपण प्रथम सोडला पाहिजे. जिल्ह्यातील रामटेक, पारशिवनीकडील जंगलपट्टीत मे महिना हा तेंदूपाने तोडण्याचा हंगाम असतो. आईबाप पहाटेच रानात जातात आणि परतल्यावर पानांचे पुडे बांधीत बसतात. धाकटे भावंड आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या कडेवर येते. अशा घरी जाऊन ‘मुलांसाठी रोज तासभर राखून ठेवा’ असा उपदेश करणे म्हणजे त्यांच्या श्रमांची थट्टाच होय.

मग मार्ग कोणता? आजच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाड येथे १९५७ पासून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी कार्य केले. मुले शाळेत येऊ शकत नाहीत, असे पाहून त्यांनी शाळाच पाड्यावरील अंगणात नेली; गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली. घर जसे आहे तसे स्वीकारून तेथूनच शिक्षणास आरंभ करावयाचा, हा त्यांचा धडा आपणांसही उपयोगी आहे.

वेगळा वेळ नसेल, तर कामातच बोलणे होऊ शकते. पुडे बांधताना, शेवया-सरगुंडे करताना, वाळवणाची राखण करताना मूल जवळच असते. त्या वेळी ‘आज कोणाशी खेळलास? कशाची भीती वाटली? राग कोणाचा आला?’ एवढे विचारावे आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे. ज्या भावनेला शब्द सापडतो, ती आवरणे मुलास सोपे जाते. दिवसभर भावंड सांभाळणाऱ्या मुलीस ‘तू होतीस म्हणून आमचे काम झाले’ असे आईने म्हटले, तर तिच्या ओझ्याला मान मिळतो. त्याचबरोबर संध्याकाळी तासभर तरी तिच्या कडेवरचे मूल दुसऱ्या कोणी घ्यावे व तिला खेळू द्यावे, हेही पालकांस सांगावयास हवे.

खेळास रिकामा उद्योग समजू नये. आट्यापाट्यांत डाव कोणाचा, बाद कोण, यावरून भांडणे होतात आणि मुले ती आपसात मिटवितात. हार सोसणे व दुसऱ्याचे म्हणणे ऐकणे ती येथेच शिकतात. मोठ्यांनी लगेच मध्ये पडू नये. मात्र दुबळ्यास मार बसत असेल किंवा जात अथवा गरिबी पाहून एखाद्यास डावाबाहेर ठेवले जात असेल, तर स्वस्थ बसू नये. हाती मोबाइल दिला की मूल गप्प बसते खरे. पण गप्प बसलेले मूल समाधानी असतेच, असे नाही.

‘मुलगा असून रडतोस काय?’ हे वाक्य आणि ‘थांब, गुरुजींना सांगते’ हा धाक, दोन्ही घराघरांतून जावयास हवीत. ज्याच्या नावाने सुटीभर भीती घातली, त्याच्याकडे मूल पुढे विश्वासाने कसे येईल?

आपल्याकडून तीन गोष्टी होण्यासारख्या आहेत. निकालाच्या दिवशी गुणांची तुलना न करता प्रत्येक पालकास त्याच्या मुलाचा एक चांगला गुण सांगावा. सुटीतील वागणूक पुष्कळदा त्या दिवशीच्या शब्दावर ठरते. सुटीत गावात असल्यास चार घरी सहज जाऊन यावे. शाळा उघडल्यावर पहिले दोन दिवस परीक्षा न घेता मुलांना बोलते करावे. त्यात एखादे मूल एकाएकी मुके झालेले किंवा विशिष्ट घरास, विशिष्ट माणसास भिणारे आढळले, तर त्याला खोटे ठरवू नये. त्याचे एकांतात ऐकावे, वरिष्ठांस कळवावे आणि प्रसंग गंभीर असल्यास मुलांसाठीच्या १०९८ या मदत क्रमांकाचा आधार घ्यावा.

या कामाची नोंद हजेरीपटात होत नाही व तपासणीतही त्यास गुण नसतात. तरीही सुटीनंतर मूल दारातून आत येताना मान वर करून आपल्याकडे पाहते की खाली घालून, यावरून त्या दोन महिन्यांचा निकाल आपणांस वाचता येईल. तो चांगला लागावा यासाठी या वर्षी शाळा बंद होण्यापूर्वीच पालकांची एक सभा अवश्य घ्यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.